हौदाचं विरजण

आमच्या महाविद्यालयात रोज दोन हजेऱ्या होत. एक साडेदहाला, कार्यालयातल्या मस्टरवर. दुसरी तिच्या आधी अर्धा तास, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेमागच्या हौदावर. पहिलीत अधूनमधून खोटं चालायचं. मी स्वतः चालवलेलं आहे. दुसरीत चालायचं नाही. ती हजेरी घ्यायचे साळवेमामा, आमच्या विभागाचे प्रयोगशाळा परिचर. स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन ते हौदाच्या कठड्यावर बसत, चष्मा कपाळावर सरकवत आणि पाण्याकडे बघत एकेकाचं नाव पुटपुटत.

मी पहिल्यांदा त्या महाविद्यालयात गेले तेव्हा हातात नेमणुकीचं पत्र होतं. विभागप्रमुखांची खोली विचारायला मागच्या बाजूला गेले, तर एका सडपातळ माणसानं माझ्याकडे न बघताच तळहात वर केला.

"थांबा मॅडम. हजेरी चालू हाय."

मला वाटलं, मागे मुलं बसली असतील. वाकून पाहिलं तर कठड्यापलीकडे फक्त हिरवट पाणी. मामा म्हणत होते, बेडूक चार, चतुर नऊ, गोगलगाई सगळ्या हजर, पाणदिवड साप आज पण नाही. मग चहा संपवून त्यांनी माझी चौकशी केली. कायम की तासिकेवर? मी म्हटलं, तासिकेवर. म्हणजे जितके तास घ्याल तितकं मानधन, सुट्टीत काही नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची हमी नाही. मामांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मंग तुम्ही चतुरात."

या वर्गीकरणाचा उलगडा मला पुढच्या आठवडाभरात झाला. मामांच्या लेखी हौद म्हणजे एक महाविद्यालयच होतं. बेडूक कायम नोकरीवाले. एकदा चिकटले की हलत नाहीत, पावसाळ्यात आवाज करतात. चतुर तासिकेवरचे, उडत येतात, काम करतात, निघून जातात. शेवाळ म्हणजे मेसवाले; सगळ्यांच्या जेवणाची सुरुवात त्यांच्यापासून. मधूनच कडुलिंबावरून उतरणारा ढोकरी बगळा तपासनीस. तो आला की सगळे बुडी मारतात. आणि तळाचा काळा गाळ म्हणजे ऑफिस. "सगळे कागद शेवटी तिथंच जातात," मामा सांगायचे, "फरक इतकाच, गाळातून काम होऊन परत वर येतं." या सगळ्याला अनुदान एकाच ठिकाणाहून मिळायचं, वरून, उन्हाचं. ते बंद झालं की मेस बंद आणि मेस बंद झाली की महाविद्यालय बंद. "पन एक हाय मॅडम, इथं फुकट पगार कोनीच घेत नाय." हे वाक्य ते मुद्दाम कार्यालयाच्या खिडकीकडे तोंड करून म्हणायचे.

मामा दहावीपर्यंत शिकलेले. गाव सिल्लोडकडचं. कपडे कायम इस्त्रीचे, खिशाला निळं पेन, आणि त्या पेनाच्या जोडीला एक काचेची नळी. कुठेही पाणी दिसलं की त्यात ती नळी बुडवून उजेडात धरायची सवय. औरंगपुऱ्यात आम्ही काही सहकारी एकदा डोसा खायला गेलो होतो, तिथे हात धुवायच्या पिंपातलंही त्यांनी नळीत घेतलं. मालक जवळ आला तेव्हा मामा त्याला म्हणाले, तुमच्या पिंपात दोघं राहतात, आत्ताच सांगून ठेवतो. आम्ही डोसा न खाताच उठलो.

मी तेव्हा परिसंस्था हा धडा फार मन लावून शिकवायचे. फळ्यावर त्रिकोण काढायचा. तळाशी उत्पादक, मग भक्षक, वर त्यांचे भक्षक, बाजूला विघटक, आणि मधे बाण. अगदी स्वच्छ आकृती यायची माझी. एकदा तास संपल्यावर दारात उभे असलेले मामा डस्टर घेत म्हणाले, "तुमचं फळ्यावरचं बरोबर हाय. पन तुम्ही बाण लई सरळ काढता."

मला राग आला होता, खरं सांगते. परिचरानं माझे बाण तपासावेत हे मला झेपलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी परवानगी न विचारताच माझा वर्ग हौदावर नेला. नळीत एक मातकट, सहा पायांचं ध्यान पकडलं. ते चतुराचं पिल्लू, पाण्यात वाढतं. त्यानं बेडकाचं शेपटीवालं पिल्लू धरून ठेवलं होतं. मुलं वाकून वाकून बघायला लागली. मग मामांनी पलीकडच्या दगडाकडे बोट केलं. तिथे एक मोठा बेडूक बसला होता आणि त्याच्या जबड्याबाहेर मोठ्या चतुराचा पारदर्शक पंख लोंबत होता. ल्हानपनी हा त्याला खातो, मोठेपनी तो ह्याला, मामा म्हणाले. एका मुलीनं विचारलं की मग यांच्यात वरचा कोण. मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ते त्या दिवशी कोन केवढा हाय त्याच्यावर हाय, बाई." त्या वर्षीपासून माझे बाण वाकडे झाले.

त्या हौदाची सुरुवात मात्र मामांच्या तोंडून काढायला मला दोन वर्षं लागली. पूर्वी प्रात्यक्षिकाला बेडूक कापत, आणि ते आणायचं काम मामांचं. पावसाळा लागला की सायकलला पोतं बांधून शहराबाहेरची डबकी, विहिरी, शेतातले हौद पालथे घालायचे. पुढे बेडूक कापणं बंद झालं. बंदीचं पत्र आलं त्या दिवशी मामांच्या बादलीत बारा बेडूक शिल्लक होते. परत नेऊन सोडायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी ते मागच्या कोरड्या हौदात ठेवले आणि वर चार बादल्या पाणी ओतलं. मग बेडकांना खायला पाहिजे म्हणून किडे यावेत, किड्यांसाठी शेवाळ यावं, असं करत करत ते सगळं उभं राहिलं. "मी लई बेडकं धरली, मॅडम," एवढंच ते म्हणाले आणि पेला विसळायला गेले.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते.

तपासणी समिती येणार होती. मागच्या आवारातलं जे वाईट दिसेल ते माझ्या नावावर लागणार, असं मला सांगण्यात आलं, आणि पुढच्या वर्षीची माझी तासिकाही त्याच समितीच्या शेऱ्यावर लटकलेली होती. मामा पुतणीच्या लग्नाला चार दिवस गावी गेले होते. मी हौदाकडे पाहिलं. पाणी हिरवं, कडेला शेवाळ, तळाशी पाचोळा, वास. दोन माणसं लावून मी हौद उपसला, गाळ पोत्यात भरून फेकायला लावला, भिंती ॲसिडनं घासल्या, ब्लीचिंग पावडर टाकली, आतून आकाशी रंग दिला आणि टँकरचं पाणी भरलं. शेजारी पाटी लावली: 'तळ्याची परिसंस्था'. पाटीवर माझी आकृती, सगळे प्राणी रंगीत, आणि बाण वाकडे. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी त्याचा फोटोही काढला.

जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं परिसंस्था दाखवण्यासाठी परिसंस्था धुऊन टाकावी, हे आज लिहितानाही माझे कान गरम होतात.

समिती आली. त्यातल्या एका वयस्क बाईंनी पाटी वाचली, मग चष्मा सावरून पाण्यात पाहिलं. तळाचा आकाशी रंग लख्ख दिसत होता. त्यांनी शांतपणे विचारलं, "यात आहे काय?" प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच सकाळी गावाहून परतलेले मामा मागे उभे होते. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडून पुढे आले.

"सगळे रजेवर हायत, मॅडम. येतील."

बाई हसल्या, समिती हसली, प्राचार्य सगळ्यात मोठ्यानं हसले. शेरा चांगला मिळाला. माझी तासिका वाचली. मामा मात्र दुसऱ्या दिवशी दहा वाजता हौदावर गेले नाहीत. त्यांनी चहा प्रयोगशाळेतच घेतला, बेसिनपाशी उभ्यानं. मी माफी मागायला गेले तर म्हणाले की तुमची पन नोकरी हाय, आणि बोलणं संपवलं. त्यांनी ओरडायला हवं होतं असं मला फार वाटलं.

पंधरा दिवसांत हौदाचं पाणी डासांच्या अळ्यांनी वळवळू लागलं. खाणारं कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांची चंगळ. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा तर एका हातानं डास मारत राहावं लागे. वसतिगृहातल्या दोन मुलांना ताप आला आणि प्राचार्य घाबरले. घाबरणं रास्तच होतं. त्यांनी हुकूम काढला की दिवाळीच्या सुट्टीत हौद बुजवायचा आणि तिथे दुचाकींचं पार्किंग करायचं. मुकादम येऊन टेप लावून गेला.

मामा त्या दिवशी पहिल्यांदा प्राचार्यांच्या खोलीत न बोलावता गेले. मीही मागोमाग गेले, कारण चूक माझी होती आणि ती मी तिथे सांगितली. प्राचार्यांचा विषय वाणिज्य. त्यांना अळी आणि आकाशी रंग यांचा संबंध लागेना. शेवटी मामा म्हणाले की दिवाळीपर्यंत द्या, तेवढ्यात पाण्यात डास राहिला तर मी स्वतः पहिलं घमेलं मुरूम टाकतो. प्राचार्यांनी ते मान्य केलं.

हातात पाच आठवडे होते. मी लगेच जायचं म्हणत होते, कुठलं तरी तळं गाठून गाळ आणायचा. मामांनी मला आठ दिवस थांबवलं. टँकरच्या पाण्यात औषध होतं, आणि ब्लीचिंगचा अंश भिंतीत होता; डासाची अळी तेवढं सोसते, बाकीचे सोसत नाहीत. "उन उन दुधात इरजन लावता का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "आधी निवू द्या. नाय तर इरजन बी जाईल आन दूध बी." घरी विरजण लावताना मी दुधात बोट घालून बघते, तसं मामा रोज पाण्यात नळी घालून उन्हात धरत, हुंगत, मान हलवत. तोवर हौदावर त्यांनी जुनी मच्छरदाणी ताणून बांधली होती, नवे डास बसू नयेत म्हणून.

आठव्या दिवशी आम्ही निघालो. मामा त्यांच्या लुनावर पुढे, पायांमध्ये शहागंजातून आणलेला पांढरा कॅन, मी स्कूटीवर मागे. हर्सूलच्या पुढे, जळगाव रस्त्याच्या डाव्या हाताला एक शेत होतं. मालक गफूरभाई, मामांची ओळख बेडकांच्या पोत्यांच्या काळातली. त्यांच्या विहिरीजवळच्या जुन्या हौदात मामा गुडघाभर उतरले आणि वाटीवाटीनं गाळ काढून कॅनमध्ये भरू लागले, सोबत थोडं शेवाळ, थोडं पाणी. मला वाटत होतं, भराभर दोन-तीन पोती न्यावीत. मामा कॅन अर्धा झाल्यावर वर आले. बांधावरून गफूरभाई हसत म्हणाले, "ले जाव मामू, पर थोडा छोड देव. तुम्हारा बिगड गया तो फिर किदर आओगे?"

तो अर्धा कॅन आम्ही हौदात ओतला. आकाशी तळावर काळा डाग पसरला. मला तो इतका क्षुल्लक वाटला की रडू आलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकच ताकीद दिली.

"लावलं का मंग हलवायचं नाय."

पुढचे चार आठवडे माझी परीक्षाच होती. मी रोज काहीतरी सुचवायचे. मासे सोडू या का? मासे बेडकाची पिल्लंही खातील, मामा म्हणायचे. थोडं खत टाकू या का? गाळ ढवळून बघू या का? मामा नुसतं विरजणाचं भांडं उघडून बघणाऱ्या सुनेकडे सासू बघते तसं बघायचे. पहिल्या आठवड्यात डास कमी होण्याऐवजी वाढले. मच्छरदाणी आता काढली होती, आणि मामा म्हणाले की आधी येतात ते खाल्ले जाणारे, खाणारे मागून येतात, त्यांना जेवण तयार लागतं. मी वर्गात हेच वाक्य अवघड शब्दांत शिकवत होते. हौदाशी उभं राहून ते सोसणं वेगळं होतं.

तिसऱ्या आठवड्यात आकाशी रंग दिसेनासा झाला. पाणी पोपटी झालं, मग एका आठवड्यात पुन्हा निवळलं, कारण त्यात बारीक उड्या मारणारे पाणपिसू वाढले होते आणि ते हिरवं खात होते. मग एक दिवस मामा दहा वाजता चहा घेऊन हौदावर गेले. मी खिडकीतून बघत होते. ते कठड्यावर बसले, चष्मा कपाळावर सरकवला. मी माझा चहा घेऊन बाहेर धावले.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी प्राचार्य मुकादमाला घेऊन आले. मामांनी पत्र्याचा एक जुना ट्रे आणला. त्यावर पूर्वी बेडूक टाचण्यांनी टोचून ठेवत. मामांनी त्यातलं मेण खरवडून आतून पांढरा रंग दिला होता. त्यात हौदाचं पाणी घेतलं. प्राचार्य वाकले. ट्रेमध्ये डासाची एकच अळी वळवळत होती आणि कोपऱ्यात चतुराचं एक पिल्लू निवांत बसलं होतं. आम्ही चौघं बघत असतानाच त्या पिल्लानं जबडा पुढे फेकला आणि अळी आत ओढली. प्राचार्य दचकून मागे झाले.

"हे रोज किती खातं?" त्यांनी विचारलं.

"मोजलं नाय साहेब. पगार मागत नाय."

प्राचार्यांनी पुन्हा दोनदा ट्रे भरायला लावला. दोन्ही वेळा अळी सापडली नाही. मग ते मुकादमाला म्हणाले की पार्किंग कडुलिंबाच्या पलीकडे घ्या. जाताना पाटीवरची आकृती बघून त्यांनी मला विचारलं, हे बाण असे वाकडे का? मी म्हटलं, सर, सावकाश सांगते.

मामा त्यानंतर पाच वर्षांनी निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं रीतसर झालं. मामांना आणखी काही हवं का, असं प्राचार्यांनी आपुलकीनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले की हौदातला अर्धा कॅन गाळ द्या, बेडकाच्या पिल्लांसकट. सभागृह हसून हसून लोटपोट. मामी पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी मामांना नंतर विचारलं की गावी गाळ कमी आहे का. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"घरातलं इरजन कव्हा बी नासू शकतं, मॅडम. शेजारी दिलेलं असलं का मागायला तरी जाता येतं."

मी ते मनावर घेतलं नाही. आपला हौद कुठे जातोय, असं वाटलं होतं. पण महाविद्यालयाची नवी इमारत शहराबाहेर झाली, आणि मे महिन्यात मी पेपर तपासायला गेले असताना जुनी पाडली. कडुलिंब ठेवला, हौद नाही. मी पोचले तेव्हा तिथे सपाट मुरूम होता. कुणाची चूक म्हणायची? मीच कुणाला सांगून ठेवलं नव्हतं. नव्या आवारात एक देखणं तळं बांधलंय, कारंजासकट. सहा महिने झाले तरी त्यात एक गोगलगाय आली नाही.

मामा मागच्या हिवाळ्यात गेले. झोपेतच, त्रास न होता, असं मामींनी कळवलं होतं. मी तेव्हा त्यांच्या गावी गेले होते, पण गर्दीत मला काही सुचलं नाही. या वेळी मी रिकामा कॅन घेऊन गेले आणि दारात उभी राहिल्यावर काय बोलावं कळेना. मामींनी कॅनकडे पाहिलं आणि आधी चहा ठेवला. मग घरामागे नेलं. विहिरीजवळ सिमेंटचा छोटा हौद, कडेला शेवाळ, काठावर उलटा ठेवलेला स्टीलचा पेला. आमची चाहूल लागताच चार-पाच जणांनी पाण्यात उड्या टाकल्या. आमचे बेडूक. त्यांच्या पणजोबांची हजेरी मी ऐकलेली होती. मला तिथे रडू आवरलं नाही, आणि मामींनी आवरायला सांगितलंही नाही. त्या स्वतःच वाकून वाटीनं गाळ भरायला लागल्या. कॅन अर्धा झाल्यावर थांबल्या.

"सगळं नका नेऊ," त्या म्हणाल्या. "इथं बी ऱ्हाऊ द्या."

पहिल्या आठवड्यात नव्या तळ्यात काळ्या डागाखेरीज काही दिसेना. नवे प्राचार्य फिरत फिरत आले आणि म्हणाले, मॅडम, यात आहे काय? मी म्हटलं, सगळे रजेवर आहेत सर, येतील. त्यांना ते कळलं नाही. कारंजं मात्र मी बंद करून घेतलं, कारण लावल्यावर हलवायचं नसतं.

आता ते येऊ लागलेत. कालची हजेरी: गोगलगाई सहा, चतुर दोन, बेडूक एक, आवाज मोठा. चहा संपवून मी पेला विसळला, कॅनमध्ये वाटीभर गाळ घेतला आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळेत गेले. तिथल्या विज्ञानाच्या बाईंची माझी ओळख नव्हती. त्यांनी कॅनमध्ये पाहिलं, नाक मुरडलं आणि विचारलं की हे कशासाठी. मी म्हटलं, तुमच्याकडे ठेवा, कधीतरी मागायला येईन.